योनाचा एरंड

आबासाहेब आणि मास्तर यांचा वाद ज्या शब्दावरून सुरू झाला, तो शब्द मी येथे मुद्दामच सांगत नाही. सांगितला, तर ज्याच्या त्याच्या कपाटातील बायबलची प्रत बाहेर निघेल आणि माझे दुसरे वाक्य पुरे होण्यापूर्वीच वाचकांच्या घरोघरी निकाल लागून मोकळा होईल. एवढेच सांगतो, की एका रविवारी आमच्या मंडळीत नव्या भाषांतराच्या प्रतीतून शास्त्रपाठ वाचला गेला, पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडत आलेल्या एका शब्दाच्या जागी निराळाच शब्द आला, मागच्या बाकांवर कुजबूज झाली, आणि उपासना संपल्यावर दोन वृद्ध भगिनींनी पाळकसाहेबांना दारातच गाठून, आपल्या आईच्या उशाशी अखेरच्या रात्री वाचलेले वचन तुम्ही आज खोटे ठरवले, असा ठपका ठेवला. पाळकसाहेब स्वभावाने भिडस्त असल्यामुळे त्यांनी प्रकरण मंडळीचे वडील म्हणून आबासाहेबांकडे सोपवले. आणि आबासाहेबांनी, ज्यांच्या आग्रहावरून ती नवी प्रत वाचनपीठावर आली होती त्या मास्तरांना, त्याच संध्याकाळी आपल्या ओसरीवर बोलावून घेतले. मी शेजारी, मला पंच नेमण्यात आले, म्हणजे चहा प्यावा आणि मध्ये बोलू नये असे ठरले.

आबासाहेबांची सारी हयात जिल्ह्याच्या कोर्टात शिरस्तेदारीत गेली. कागदावर लिहिलेल्या अक्षराचा मान काय असतो, हे त्यांच्याइतके जाणणारा मनुष्य आमच्या पेठेत दुसरा नाही. मास्तर वयाने त्यांच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. धर्मशिक्षणाच्या एका शाळेत ग्रीक आणि हिब्रू शिकवतात, आणि मूळ भाषेतील एखाद्या क्रियापदावर बोलू लागले, की समोरचा मनुष्य जेवणाच्या वेळेची वाट पाहत आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

"मास्तर," आबासाहेबांनी प्रस्तावनेवाचून सुरुवात केली, "तुमच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे, हे तुम्ही जाणताच. पण ज्या ग्रंथाच्या आधारावर माणसे जगतात आणि ज्याच्या आधारावर डोळे मिटतात, त्याचे अक्षर जर दर पिढीला बदलू लागले, तर साधा भाविक असा प्रश्न विचारील, की काल खोटे होते की आज खोटे आहे? आणि त्याला तुम्ही काय उत्तर देणार?"

"आबासाहेब, ही फिर्याद फार जुनी आहे," मास्तर म्हणाले. "इसवी सन 403 मध्ये ती दाखल झालेली आहे, आणि फिर्यादी तुमच्याच बाजूचे होते. उत्तर आफ्रिकेत ओइया नावाचे शहर होते, आजचे त्रिपोली. तेथील बिशपांनी जेरोमने हिब्रूवरून केलेले नवे लॅटिन भाषांतर उपासनेत वाचायला घेतले. योनाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय आला. निनवे नगराबाहेर उन्हात बसलेल्या योनावर सावली धरण्यासाठी देवाने एका रात्रीत जे झाड उगवले, ते लोकांच्या ऐकण्यात आजवर भोपळ्याचा वेल होते. जेरोमने त्या जागी आयव्हीचा वेल घातला होता. लोक खवळले. विशेषतः ग्रीक जाणणाऱ्यांनी पाठ खोटा केल्याचा आरोप केला. गावातल्या यहुद्यांना विचारले, तर त्यांनीही हिब्रूत जुनाच शब्द आहे असे सांगितले. आणि मंडळी हातची जाण्याची वेळ आल्यावर बिशपांनी तो शब्द दुरुस्त करून घेतला. ही सारी हकीकत संत ऑगस्टिनने स्वतः पत्राने बेथलेहेमला जेरोमकडे कळवली, आणि सुचवले, की सत्तर पंडितांच्या ग्रीक भाषांतरावरून लॅटिन कराल तर बरे."

"मग ऑगस्टिन शहाणा होता."

"पुढे ऐका. मूळ हिब्रूत शब्द आहे 'कीकायोन'. तो भोपळाही नव्हे आणि आयव्हीही नव्हे. जेरोमलाही ते ठाऊक होते; योनावरील आपल्या टीकेत तो सांगतो, की पॅलेस्टाइनच्या वाळवटात वाढणारे हे झुडूप आहे, पाने द्राक्षवेलीच्या पानासारखी रुंद, सावली दाट, आणि बी टाकल्यावर थोड्याच दिवसांत आधारावाचून स्वतःच्या खोडावर उभे राहणारे. लॅटिनमध्ये नाव सापडेना, म्हणून पूर्वीच्या भाषांतरकारांच्या पाठोपाठ त्याने आयव्ही पत्करली. ते झाड तुमच्या परसात आहे, आबासाहेब. आपण त्याला एरंड म्हणतो."

आबासाहेब मोठ्याने हसले. "म्हणजे सोळा शतके हे खरोखरच एरंडाचे गुऱ्हाळ चालले आहे म्हणा!"

या विनोदाने ओसरीवरचा ताण सैल झाला; पण आबासाहेब हसून विषय सोडणारे नव्हते. जे कागद मास्तर दाखवू पाहत होते त्यांतलाच एक कागद त्यांनीही वाचला होता, आणि तो त्यांनी आता बाहेर काढला.

"तुम्ही ऑगस्टिनचे एक पत्र सांगितले; मी त्याच्या आधीचे सांगतो. त्या दोघांचा खरा तंटा भोपळ्यावरून लागलेला नाही, तो लागला अंत्युखियावरून. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. पेत्र अंत्युखियास असताना परराष्ट्रीयांबरोबर एका पंक्तीला बसत होता. याकोबाकडून काही माणसे आली, तेव्हा त्यांच्या भयाने तो दूर सरला. बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढला गेला. आणि पौलाने सर्वांदेखत पेत्राची कानउघाडणी केली. हे स्वच्छ लिहिलेले आहे. यावर तुमच्या जेरोमने आपल्या टीकेत काय लिहिले? हे भांडण खरे नव्हतेच, दोघांनी संगनमताने सोंग केले! प्रेषितांनी सोंग केले, आणि पौलाने ते खरे म्हणून पत्रात लिहून ठेवले! ऑगस्टिन तेव्हा हिप्पोत नुसता धर्मगुरू होता, बिशपही झालेला नव्हता. पण त्याच्या ध्यानात आले, की पाया येथेच खणला जातो आहे."

"जेरोमला तसे म्हणावे का लागले, तेही सांगावे," मास्तर म्हणाले. "पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती धर्माविरुद्ध मोठा ग्रंथ लिहून याच प्रसंगावर बोट ठेवले होते: ज्यांच्या शब्दावर तुम्ही विसंबता त्यांतला एक चुकतो आणि दुसरा उर्मटपणे त्याला चारचौघांत बोलतो. शिवाय अडचण खरी होती. पौलाने स्वतः यहुद्यांच्या भिडेखातर तीमथ्याची सुंता केली होती. मग त्याच भिडेसाठी तो पेत्राला दोष कसा देणार? म्हणून ओरिजेन या जुन्या टीकाकाराच्या मागून जेरोमने हा अर्थ घेतला. येहूचे कपट, दावीदाचे वेडाचे सोंग, असे जुन्या करारातले दाखले त्याने दिले. आणि आणखी एक दाखला तुमच्या कामाचा आहे. तो म्हणतो, तरुणपणी मी रोममध्ये न्यायसभेत जाऊन बसत असे; मोठमोठे वक्ते एकमेकांवर असे तुटून पडत, की आता हातघाईवर येतील; का, तर आपापल्या पक्षकारांना संगनमताचा संशय येऊ नये."

"हे मात्र खरे," आबासाहेब म्हणाले. "सकाळी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे दोन वकील संध्याकाळी एकाच टांग्यातून घरी जाताना मी शेकडो वेळा पाहिले आहेत. पण मास्तर, वकिलांच्या भांडणाची नोंद शिरस्तेदार ठेवीत नाही. नोंद ठेवतो ती साक्षीदाराच्या जबानीची. आणि पौल या पत्रात वकील नाही, साक्षीदार आहे. पहिल्याच अध्यायात तो देवासमोर शपथ घेऊन सांगतो, की मी लिहितो ते खोटे नाही. साक्षीदाराने शपथेवर दिलेल्या जबानीत एक ओळ, फक्त एकच ओळ, कोणाच्या तरी भल्यासाठी घातलेली खोटी ओळ निघाली, म्हणजे उलटतपासणी घेणारा वकील काय करतो, ते तुम्ही पाहिलेले नाही. तो बाकीच्या ओळींना हातही लावीत नाही. तो फक्त विचारतो, की ही ओळ सोयीसाठी खोटी घातली, तर बाकीच्यांतली कोणती सोयीसाठी घातली नाही, हे मुनसफाने कशावरून ओळखावे? ऑगस्टिनचे म्हणणे नेमके हेच होते. अधिकाराच्या इतक्या उंच शिखरावर एकदा हितकारी असत्याला जागा दिली, की ज्याला जे वचन पाळायला जड आणि मानायला कठीण वाटेल, तो म्हणेल, हेही तसल्याच हेतूने लिहिले असावे. मग व्यभिचाराविषयीचे वचन खोटे, श्रीमंताविषयीचे खोटे, पुनरुत्थानही त्याच रांगेत."

येथे मला, पंच असूनही, मनातल्या मनात आबासाहेबांच्या बाजूने कौल द्यावासा वाटला. असत्याविषयीचा ऑगस्टिनचा हा कडवेपणा एका पत्रापुरता नव्हता. त्याने याच सुमारास असत्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांनी, प्रिस्किल्यनाच्या पंथाचे लोक आपली मते लपवतात म्हणून त्यांना पकडण्यासाठी आपणही त्यांच्यातलेच आहोत असे भासवावे काय, असा प्रश्न विचारला गेला तेव्हा, नाही, असे उत्तर देण्यासाठी दुसरा लिहिला. पाखंड्याला धरण्यासाठीसुद्धा खोटे बोलू नये, असे म्हणणारा धर्माधिकारी त्या काळातच काय, कोणत्याही काळात विरळा.

पण मास्तर गप्प बसलेले नव्हते. ते थांबले होते.

"आबासाहेब, आपल्या दप्तरातून एखाद्या खरेदीखताची नक्कल द्यायची असली, तर त्यावर 'खरी नक्कल' असा शेरा केव्हा मारीत होता?"

"अस्सलाशी रुजवात घेतल्यावर. अक्षर न् अक्षर."

"आणि पक्षकार म्हणाला, की साहेब, आमच्या घरात तीन पिढ्या जी नक्कल आहे तिच्यात शेताची हद्द ओढ्यापर्यंत लिहिली आहे, म्हातारी त्याच समजुतीवर वारली, आता अस्सलात बांधापर्यंत निघाली म्हणून बदलू नका, मन दुखावेल, तर?"

आबासाहेबांनी पानाचा डबा पुढे ओढला. उत्तर दिले नाही.

"ऑगस्टिनने 405 मध्ये जेरोमला जे शेवटचे लांब पत्र लिहिले, त्यात तो म्हणतो, की शास्त्रग्रंथात मला काही सत्याविरुद्ध दिसले तर मी तीनच गोष्टी मानतो: हस्तलिखितात चूक असावी, किंवा भाषांतरकाराला मूळ कळले नसावे, किंवा मलाच अर्थ लागला नसावा. सुंदर नियम आहे. मी तो वर्गात मुलांना दरवर्षी सांगतो. पण त्या तीनपैकी पहिल्या दोन गोष्टींचा निकाल कोण करणार? ज्याला हिब्रू येते तो. ऑगस्टिनला हिब्रू येत नव्हते, ग्रीकही बेताचेच. म्हणजे ज्या नियमावर त्याची सारी श्रद्धा उभी, तो नियम चालवायला त्याला बेथलेहेमच्या त्या तापट म्हाताऱ्याचीच गरज होती. आणि त्याच पत्राच्या अखेरीस तो काय लिहितो? हिब्रूवरून भाषांतर करण्याचा उपयोग मला आता पटला, पण ते मंडळ्यांत वाचले जाऊ नये. आणि योनाचे झाड हिब्रूत तिसरेच काही असले, तरी सगळ्या लॅटिन प्रतींत भोपळाच वाचला जावा हे मला अधिक पसंत."

"कळप बिथरू नये म्हणून," आबासाहेब सावकाश म्हणाले. "तो बिशप होता, मास्तर. जेरोमपुढे पुस्तके होती. त्याच्यापुढे माणसे होती. ओइयाच्या बिशपाने आणखी आठ दिवस हट्ट धरला असता, तर खरा शब्द ऐकायला त्याच्यापुढे भिंती उरल्या असत्या. दुर्बळांना सांभाळण्यासाठी थोडा काळ..."

"एका पंक्तीतून उठावे?"

मास्तरांनी हे शब्द इतक्या हळू आवाजात उच्चारले, की क्षणभर मलाही त्यांचा रोख कळला नाही. आबासाहेबांना कळला. यहुदी विश्वासी बिथरू नयेत म्हणून पेत्र पंक्तीतून उठला होता. आणि ते उठणे निर्दोष ठरवण्यासाठी जेरोमने जो युक्तिवाद केला होता, ज्याला आबासाहेबांनी घटकेपूर्वी पाया खणणारा म्हटले होते, तोच युक्तिवाद आता आबासाहेब भोपळ्यासाठी करीत होते. चुलीतला धूर ओसरीवर येऊ लागला होता. आतून कोणी तरी ताटे मांडू का असे विचारले, आणि दोघांनीही ऐकले नाही.

मला त्या पत्रव्यवहाराचे मर्म तेव्हा प्रथम उमगले, आणि ते चर्चच्या इतिहासाच्या पुस्तकांत ज्या रीतीने मांडतात, म्हणजे एक पंडित आणि एक तत्त्वज्ञ यांचा स्वभावभेद म्हणून, त्या रीतीने मला तरी पुरेसे वाटत नाही. जेरोमला पाठाचे सत्य प्राणापलीकडे होते. त्यासाठी त्याने रात्रीच्या वेळी लपतछपत येणाऱ्या यहुदी शिक्षकाकडून धडे घेतले, आणि बनावट करणारा हे दूषण सोसले. पण पाठात सांगितलेल्या घटनेचे सत्य अडचणीचे होताच त्याने ते सोंग म्हणून मोकळे केले. ऑगस्टिनला घटनेचे आणि साक्षीचे सत्य प्राणापलीकडे होते. पण साक्षीचा कागद अस्सलाबरहुकूम आहे की नाही, हा प्रश्न मंडळीच्या शांततेआड येताच त्याने भोपळा राहू दिला. ज्याने त्याने आपल्या घराचे दार लावून घेतले होते आणि दुसऱ्याच्या घराची खिडकी उघडी आहे म्हणून ओरड चालवली होती. ओरड मात्र दोघांचीही खरी होती.

"आता मी विचारतो," आबासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात हरलेल्या माणसाचा कडवटपणा नव्हता. एवढेच, की ते आता अधिक जपून बोलत होते. "व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट. योहानाचा आठवा अध्याय. तुमच्या अस्सलात ती आहे काय?"

मास्तरांनी चष्मा काढला. "चौथ्या शतकातल्या ज्या दोन मोठ्या ग्रीक प्रती आपल्यापाशी आहेत, सिनाई पर्वताखालच्या मठात मिळालेली आणि व्हॅटिकनमध्ये असलेली, त्या दोन्हींत नाही. जेरोमने ती ठेवली. पुष्कळ ग्रीक आणि लॅटिन प्रतींत ती आढळते असे त्याने लिहून ठेवले आहे. ऑगस्टिनचा तर्क असा, की आपल्या बायकांना मोकळीक मिळेल या भयाने काही अल्पविश्वासी पुरुषांनीच ती काढून टाकली असावी. आजच्या विद्वानांना ते पटत नाही. ती मागाहून तेथे आली, असे बहुतेक मानतात."

"तुम्ही?"

"मीही मानतो."

"मग वाचता का?"

"वर्गात शिकवतो तेव्हा कंसासकट शिकवतो, हस्तलिखितांची नावे फळ्यावर लिहितो." ते थांबले. "गेल्या वर्षी आमच्या वस्तीतली एक बाई, जिला कोणी दारात उभे करीत नव्हते, इस्पितळात शेवटच्या दिवसांत होती. मी तिला ती गोष्ट वाचून दाखवली. तेव्हा फळा नव्हता. कंस सांगितला नाही."

यावर आबासाहेबांना सहज जिंकता आले असते. मी त्यांच्या जागी असतो, तर तो मोह मला आवरला नसता. त्यांनी फक्त पानाचा डबा मास्तरांच्या पुढे सरकवला.

पुढचे बोलणे केडगावकडे वळले, आणि ते स्वाभाविकच होते, कारण मराठीत हा प्रश्न जिने अंगावर घेतला, ती व्यक्ती ना बिशप होती ना मठवासी पंडित. पंडिता रमाबाईंनी संस्कृतावरील प्रभुत्वाबद्दल कलकत्त्याच्या पंडितांकडून पदव्या मिळवल्या होत्या; आणि त्याच बाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून, मुक्ति मिशनमधल्या अडाणी बायकांना कळावे म्हणून, चालू मराठी भाषांतरातले पंडिती आणि हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द वेचून वेचून बाजूला ठेवीत, मुळावरून संपूर्ण बायबल नव्याने मराठीत आणले. ते केडगावच्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी जुळले आणि छापले गेले. 5 एप्रिल 1922 रोजी बाई वारल्या, तेव्हा काम तडीस गेलेले होते. ग्रंथ लोकांच्या हाती आला तो त्यानंतर.

"माझ्या आजीपाशी त्याची प्रत होती," आबासाहेब म्हणाले. "बाईंनी अस्सलाशी रुजवात घेतली, यात शंका नाही. तरी मंडळ्यांच्या वाचनपीठांवर राहिले ते बायबल सोसायटीचेच. का?"

"ओइया," मास्तर म्हणाले.

"अर्धे तेच. पण अर्धे असेही, की बाईंच्या मराठीला कानाची सवय झाली नाही. आणि सवय ही गोष्ट तुम्ही भ्याडपणात जमा करता, तसे मी करणार नाही. ऐकून ऐकून पाठ झालेले वचन मनुष्याला अडचणीच्या वेळी सापडते. तुमचा अचूक शब्द सापडत नाही."

"कबूल. तो सापडेल इतक्या वेळा वाचावा लागेल. न वाचता कसा सापडणार?"

येथे वाद थांबला, कारण ताटे आली. जेवताना मास्तरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या नोंदवून ठेवतो. ऑगस्टिनचे पहिले पत्र नेण्यास जो निघाला होता, तो मध्येच बिशप झाल्यामुळे गेलाच नाही. दुसरे पत्र नेणारा समुद्राला भ्याला. आणि त्या पत्राच्या नकला इटलीभर फिरून, एक तर एड्रियाटिकमधल्या एका बेटावर कोणा डीकनच्या हाती लागून, जेरोमच्या कानी अशी वार्ता गेली, की आफ्रिकेतल्या कोणा तरुण बिशपाने त्याच्याविरुद्ध पुस्तकच लिहून रोमला पाठवले आहे. सही केलेले अस्सल पत्र दाखवल्यावाचून मी उत्तर देणार नाही, असे जेरोमने बजावले. अस्सल आणि नक्कल यांविषयीचा हा महावाद निम्मा तरी एका नकलेने पेटवलेला होता. आणि दुसरी: 415 च्या सुमारास पेलागियसच्या मताविरुद्ध लिहिताना जेरोमने, कोणताही माणूस सर्वथा निर्दोष नसतो, हे सांगण्यासाठी पौलाने पेत्राला दिलेल्या दोषाचाच दाखला दिला, म्हणजे तो दोष खरा मानला. आपण हरलो असे त्याने कोठे लिहिले नाही. ऑगस्टिनने मात्र ते वाचले आणि एका मित्राला कळवले. दोघांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही.

माझे मत विचाराल, तर मी पंच या नात्याने ते त्या रात्री दिले नाही, कारण कोणी विचारले नाही, येथे देतो. ज्या मंडळीला एक शब्द बदललेला सोसत नाही, तिला तिच्या पाळकांनी आजवर शब्दांच्या भरवशावर ठेवले, त्या शब्दांच्या इतिहासाविषयी कधी काही सांगितले नाही, हा दोष भाषांतरकाराचा नव्हे. इंग्लंडात 1611 साली राजाज्ञेने जे भाषांतर झाले, त्यात मजकुरात भोपळा छापला आणि एरंड समासात घातला. ही तडजोड मला मान्य नाही. समासातले कोणी मोठ्याने वाचीत नाही.

आमच्या मंडळीने पुढच्या सभेत ठराव केला, की वाचन नव्या प्रतीतूनच व्हावे, आणि शब्द का बदलला हे त्या दोन भगिनींना घरी जाऊन समजावून सांगण्याचे काम आबासाहेबांनी करावे. ते मंगळवारी मास्तरांना बरोबर घेऊन गेले. एकीने चहा दिला. दुसरीने अजून दार उघडलेले नाही.